मागून चालणारी पोर

माझ्या भाचीच्या खोलीत भिंतभर जपानी चित्रकथा आहेत. फ्रेंचमध्ये छापलेल्या, पण शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे वाचायच्या. परवा मी त्यातली एक नेहमीसारखी डावीकडून उघडून बसले, तर ती हसून हसून लोळायला लागली. "मावशी, तू शेवट आधी वाचत्येस!" मग म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तशी कीव करत तिनं विचारलं, "तुमच्या वेळी असलं काही नव्हतंच ना गो?" मला राग आला. मला राग पटकन येतो आणि तो आला की मी नको ते बोलून बसते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी गप्प बसले. होतं असं म्हटलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि पुढचं सांगायची माझी छाती झाली नाही. ते इथं सांगते.

तर, होतं. आमच्या वेळीही होतं. फक्त ते जपानचं आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या चित्रांतली माणसं फाडफाड फ्रेंच बोलायची, तेव्हा ती फ्रेंचच असणार. त्यांचे डोळे बशीएवढे का, जेवताना ती काड्यांनी भात का उचलतात, मंदिराबाहेर चपला का काढतात, असले प्रश्न आम्हाला पडले नाहीत. फ्रान्स आम्ही कुठं पाहिला होता? तिथं असंच असेल, एवढं म्हणून आम्ही मोकळे झालो होतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पणज्यांच्या वेळी उसाच्या मळ्यांवर मराठी माणसं आली त्या आमच्या बेटावर, ग्रां बुआ गावात, आमचं आणि काकांचं घर एकाच आवारात होतं, मधे एक नळ आणि एक लिचीचं झाड. बाबा आणि काका सख्खे भाऊ, काका थोरले. ते साखर कारखान्यात फिटर होते आणि हाताला उसंत मिळाली की काहीतरी जोडत किंवा उसवत बसायचे. टीव्ही त्यांनीच आणला. आपल्या बेटाचं चित्र त्यावर स्वच्छ दिसायचं, पण तेवढ्यावर काकांचं समाधान होईना. समुद्रापलीकडच्या फ्रेंच बेटाचा कार्यक्रम पकडायचाच, असं त्यांनी मनावर घेतलं. तीन बांबू एकमेकांना तारेनं आवळून त्यांनी छपरापेक्षा उंच काठी उभी केली, वर ॲल्युमिनियमच्या नळ्या लावल्या आणि दोन रविवार ती काठी इकडून तिकडे फिरवत घालवले. बाबा खालून ओरडायचे, "आला! गेला! परत आला!" शेवटी चित्र लागलं. त्यात एवढी खरखर होती की सगळ्या जगात तांदूळ सांडल्यासारखे वाटायचे. पण लागलं.

त्या चित्राला आणखी एक खोड होती. प्रत्येक गोष्ट दोनदा दिसायची. एक ठसठशीत, आणि तिच्या उजव्या बाजूला बोटभर अंतरावर तीच गोष्ट पुन्हा, फिकट. काकांनी बेटावरच्याच फिनिक्स शहरातून एक दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं काठीकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं आणि सांगितलं, "एक लहर सरळ येते. दुसरी त्या डोंगराला आपटून येते. ती मागाहून पोचते, म्हणून ते दुसरं चित्र दिसतं. डोंगर काही मला हलवता येणार नाही." काकी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "म्हंजे येती तीच, पर उशिरा?" दुरुस्तीवाला म्हणाला, "असंच समजा."

दर बुधवारी चार वाजता, मी शाळेतून आले की त्या खरखरीत एका पोरीची गोष्ट लागायची. पहिल्या भागात तिच्या गावात पूर येतो आणि ती वाहून जाते. कितीतरी दूर, कुठल्यातरी अनोळखी काठाला लागते. पण ती हुशार असते. ती म्हणते, मी ज्या नदीनं आले ती माझ्या घरावरूनच आली आहे, तेव्हा काठानं उलटं चालत गेलं की घर येणारच. आणि ती चालायला लागते. मग दर भागात एक नवं गाव. कुणी तिला भात देतं, कुणी फसवतं, कुठं पूल मोडलेला असतो. भाग संपताना ती काठावर उभी राहून नदी जिकडून येते तिकडे बघते आणि पुन्हा चालायला लागते. तिचा झगा पांढरा होता. आजूबाजूचं रान काळं असल्यानं इतर कुणापेक्षा तिच्या मागची ती फिकट पोर जास्त उठून दिसायची. ही एक पाऊल टाकी, तीही टाकी. ही थांबली की तीही थांबे.

काकीला इथली क्रेओल बोली उत्तम येई, पण टीव्हीवरचं भरभर फ्रेंच तिच्या डोक्यावरून जायचं. शाळेत फ्रेंचमध्ये मी पहिली. झालं, माझी नेमणूक झाली. काकी लाकडी बाकड्यावर डाळ निवडत बसायची, मी तिच्या पायाशी, आणि पडद्यावरचं प्रत्येक वाक्य मी आमच्या मराठीत करून सांगायचं. पहिले काही आठवडे मला त्याचा भारी तोरा होता. माझ्या आवाजातच ती पोर बोलायची. नंतर मला कंटाळा यायला लागला, कारण काकी मधेमधे प्रश्न विचारायची, आणि तेही दरवेळी तेच.

"आज किती चालली गो?"

"लई चालली. डोंगर ओलांडला."

"आन ती मागची कोण?"

"कुणी नाय काकी. त्या मानसानं सांगितलं ना, चित्र डबल येतंय."

"डबल येतंय तर येऊ दे. मी ईचारलं ती कोण."

मी हात टेकले. टेबलामागे टेबल दिसतं, कुत्र्यामागे कुत्रा दिसतो, हे मी तिला पडद्याला बोट लावून दाखवलं. ती मान डोलवायची आणि पुन्हा त्या पांढऱ्या झग्याच्या उजव्या बाजूला बघत बसायची. माझी काकी वेडी नव्हती. आवारातला सगळा व्यवहार तिच्या डोक्यावर चालायचा. कुणाच्या लग्नात किती माणसं जेवतील हे ती नुसतं आमंत्रणाची यादी ऐकून सांगायची. बुधवारी चार वाजता मात्र ती कुणी वेगळीच होऊन बसायची, आणि ती वेगळी बाई मला आवडत नव्हती.

एकदा आई माझ्या केसांत तेल घालत होती, तेव्हा मी चिडून सगळं बोलले. आईचा हात थांबला. मग तिनं माझं डोकं पुन्हा खाली वाकवलं आणि मागूनच सांगितलं, म्हणजे तिला माझं तोंड बघावं लागणार नाही.

काका-काकींना एक मुलगी होती. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. ती सात वर्षांची असताना मोठा सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, आलं. घराचे पत्रे उडायला लागले तेव्हा सगळे उसाच्या इस्टेटीच्या दगडी कोठारात आसऱ्याला निघाले. वाटेत नदीवरचा लहान पूल. काका आणि बाबा पुढं म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेले होते. काकी पोरीचा हात धरून मागून येत होती. पाणी पुलावरून आलं आणि हात सुटला. पाणी उतरल्यावर माणसं काठाकाठानं पार सूयाकपर्यंत गेली, जिथं नदी समुद्राला मिळते. पोर मिळाली नाही, काहीच मिळालं नाही.

"मिळालं नाय म्हणून काय पण केलं नाय," आई म्हणाली. आमच्यात असं माणूस हरवलं तर बारा वर्षं वाट बघतात. मग गवताचा पुतळा करून त्यालाच अग्नी देतात आणि सुतक पाळतात. तोवर ते माणूस ना घरात, ना पितरांत. बारा वर्षं त्या सालात भरत होती. पुरोहितानं दोनदा निरोप धाडला होता. काका तयार होते. काकी म्हणायची, पोर चालत येतेय. काकांनी रागावून पाहिलं, रडून पाहिलं. ती हट्टाला पेटली होती, आणि तिच्या होकाराशिवाय हे करायला कुणीच धजत नव्हतं. आईनं माझ्या वेणीला रिबीन बांधली आणि बजावलं, "काकीला नीट सांगत जा गो. ती इचारते ते इचारू दे."

माझी ती बहीण, तिचं नाव तोवर मी ऐकलं नव्हतं. त्या घरात ते कुणी घेत नसे. पण त्या दिवसापासून पडद्यावरची फिकट पोर माझ्यासाठीही नुसतं बिघडलेलं चित्र राहिली नाही. मला ती बघायची नसायची आणि नजर तिकडेच जायची. मी दहा वर्षांची होते. मला काकीची दया यायला हवी होती. मला भीती वाटायची, आणि भीतीचा मला राग यायचा.

मग एका बुधवारी गोष्ट लागलीच नाही. त्या जागी सायकलींची शर्यत होती. पुढच्या बुधवारी कुणीतरी मासे शिजवून दाखवत होतं. आता माझ्या भाचीला हे समजणारच नाही. तिला गोष्टीचा पुढचा भाग हवा असला की ती दुकानात जाते आणि घेऊन येते. तेव्हा जपानहून फ्रान्स, फ्रान्सहून ते बेट, आणि तिथून वाऱ्यावर आमची बांबूची काठी, एवढ्या प्रवासात गोष्ट कुठंही तुटायची. कधी एकच भाग दोनदा यायचा, कधी मधले गाळले जायचे, कधी सगळं बंदच व्हायचं. कुणाला विचारणार? आम्ही पोरं अशा अर्धवट गोष्टींचे शेवट आपापले ठरवून टाकायचो आणि खेळायला जायचो.

काकी तसं करू शकत नव्हती. ती बुधवारीच नव्हे, आता रोज चार वाजता टीव्ही लावून बसायला लागली. आणि मलाही बसवायची, कारण गोष्ट अचानक लागली तर सांगणार कोण? तिसरा आठवडा उलटला. गणपती तोंडावर आले होते, आणि गावच्या सभागृहात झाकरीच्या नाचाचा सराव सुरू झाला होता. त्या साली पहिल्यांदाच मला रांगेत पुढची जागा मिळाली होती. सराव चारला. ढोलकीचा आवाज आमच्या आवारात स्पष्ट ऐकू यायचा, आणि मी इकडे खरखर बघत बसलेली.

त्या दिवशी मी उठले तेव्हा काकीनं माझं मनगट धरलं. "थांब जरा. येल आता."

"नाय यायची."

"येल गो. लई जवळ आली व्हती."

ढोलकी थांबून पुन्हा सुरू झाली. माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी देतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी मनगटाला हिसडा दिला आणि ओरडले, "नाय येणार! ती मेली! लीन मोर! नदीत बुडाली!"

मराठीत सांगून भागलं नाही म्हणून क्रेओलमध्येही सांगितलं. आजही ते दोन शब्द कुणी बाजारात सहज बोललं तरी मी खरेदी तशीच टाकून घरी येते.

काकी ओरडली नाही. तिनं अगदी हळू विचारलं, "कुणी बगितलं?"

"मी. गेल्या बुधवारी. तू पाणी भराया गेली व्हतीस तवा दाखवली."

तिनं माझं मनगट सोडलं. मी पळाले. सभागृहात माझी जागा होती तशीच होती. मी तासभर नाचले आणि घामानं ओली होऊन घरी आले तोवर ते सगळं मी विसरूनही गेले होते. हे मला कबूल करायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या दारात आले. रात्रभर न झोपल्यासारखे त्यांचे डोळे लाल होते, पण चेहरा मात्र मोकळा दिसत होता. बाबांना म्हणाले, "ती हो म्हणाली. पुरोहिताला बोलव." बाबा खुर्चीतून उठले आणि दोघे भाऊ दारातच एकमेकांच्या गळ्यात पडले. मी वाटीतल्या दुधात पाव कुस्करत होते. मला एका क्षणात सगळं समजलं.

पुरोहित आले. इथं दर्भ पुरेसा मिळत नाही, म्हणून थोडा दर्भ आणि बाकी उसाची पाती घेऊन त्यांनी अंगणात पुतळा बांधला. हात, पाय, डोक्याच्या जागी नारळ. तो माझ्याहून लहान होता. काकीनं कपाटातून एक झगा आणला. बारा वर्षं घडी करून ठेवलेला, पिवळा पडलेला, पण कधीतरी पांढरा असणार. तिनं तो आपल्या हातानं पुतळ्याला घातला आणि पाठीमागची बटणं एकेक करून लावली. विधीप्रमाणे पुतळ्यावर पाणी घालायची वेळ आली तेव्हा मात्र तिनं पुरोहिताचा तांब्या अडवला. "पाणी नको तिला," म्हणाली. पुरोहितानं काकांकडे पाहिलं. मग त्यांनी चार थेंब शिंपडले आणि मंत्र पुढं नेला.

नदीच्या काठावर पुतळा जळला. उसाची पाती ती, भडकन पेटली आणि लगेच संपली. राख दुसऱ्या दिवशी सूयाकला नेऊन समुद्रात सोडली. सुतक होतं म्हणून त्या साली आमच्या आवारात गणपती आला नाही आणि मला झाकरीत नाचू दिलं नाही. माझी पुढची जागा शेवटी दुसऱ्या मुलीलाच गेली. मला बरं वाटलं. शिक्षा आपोआप झाली म्हणून मी सुटले, असं मला चार दिवस वाटलं.

सुटले नव्हते. शाळेची वाट उसातून जायची. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, भर दुपार, आणि माझ्या मागं कुणीतरी चालायला लागलं. मी पाऊल टाकलं की त्यानंतर जरा उशिरानं दुसरं पाऊल. मी थांबले की तेही थांबायचं. पात्यांचा आवाज आहे हे मला कळत होतं. मी शहाणी मुलगी होते, फ्रेंचमध्ये पहिली. पण मागं वळून बघायची माझी हिंमत कधीच झाली नाही, आणि वर्षभर मी ती वाट धावत काढली. दम लागून घरी यायचे तेव्हा काकी नळावर असायची. तिनं टीव्ही लावणं सोडून दिलं होतं. ती माझ्याकडे बघून हसायची, पूर्वीपेक्षाही मायेनं. ते मला सोसवत नसे.

एकदा न राहवून मी आईला खरं सांगितलं. ती मारेल असं वाटलं होतं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "कुणाला बोलू नको," म्हणाली. "तुझ्या काकाला बारा वर्षांनी झोप लागतेय. काकी दोन घास जास्त जेवतेय. तू खोटं बोललीस, पण आता ते असू दे." मग तिनं माझ्याकडून शपथ घेतली. त्या दिवसापासून ते ओझं मी एकटीनं नाही, आम्ही दोघींनी वाहिलं, पण त्यानं ते हलकं झालं नाही.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं तेव्हा मी फिनिक्सला नोकरीला लागले, एका कचेरीत टंकलेखन करायला, आणि तिथंच एक खोली घेऊन राहिले. तोवर सगळं बदललं होतं. ती मोठ्या डोळ्यांची माणसं आता सगळीकडे होती. आपल्याच टीव्हीवर रोज लागायची, रंगीत आणि स्वच्छ. पोरं बसमध्ये त्यांची फ्रेंच शीर्षकगीतं गायची, वह्यांवर त्यांची चित्रं डकवायची. यंत्रमानव, चेंडू मारणाऱ्या मुली, अंतराळातली जहाजं. कचेरीजवळच्या गल्लीत एक व्हिडिओचं दुकान निघालं होतं. फ्रान्समधल्या कुणाच्या तरी नातेवाइकांनी टीव्हीवरून उतरवून पाठवलेल्या कॅसेट तिथं भाड्यानं मिळायच्या, वर पेनानं नावं लिहिलेल्या. दुकानदारानंच मला प्रथम सांगितलं की हे सारं जपानचं. "तुम्हाला काय वाटलं, मामझेल? फ्रेंच लोक एवढी मेहनत घेतील?"

तिथं एका शनिवारी मला ती पोर सापडली. कॅसेटच्या पाठीवर मालिकेचं नाव आणि त्यापुढं लिहिलेलं, शेवटचे भाग. मी ती हातात घेऊन पैसे न देताच उभी राहिले, आणि दुकानदारानं विचारलं की मला बरं वाटत नाही का. मी शेजारणीचा व्हिडिओ मागून आणला आणि रविवारी दुपारी, दार लावून, एकटीनं बघितलं.

ती पोचते. नदी बारीक होत होत ओढा होते, ओढ्यावर एक गाव असतं, गावात तिची आई अंगणात कपडे वाळत घालत असते. आई तिच्याकडे बघते आणि हातातलं धुणं टाकून खाली बसते. बस, एवढंच. मी ढसाढसा रडले. नंतर मला भयंकर राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. त्या बेटावरच्या लोकांचा, सायकलींच्या शर्यतीचा, ढोलकीचा. पण खरा माझा मलाच. तेव्हा मी कळ काढली असती तर कधीतरी गोष्ट पुन्हा लागून काकीनं हे पाहिलंही असतं, आणि तो पुतळा कधीच बांधला गेला नसता.

बरोबर की चूक ते मला आजही माहीत नाही, पण पुढच्या रविवारी मी शेजारणीचं ते यंत्र चादरीत गुंडाळलं, कॅसेट पिशवीत टाकली आणि ग्रां बुआची बस धरली. काका जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. काकी एकटीच राहायची. आईनं मला यंत्र घेऊन आवारात शिरताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "शपथ घातली व्हती तुला," म्हणाली. मी म्हटलं, "मला झेपत नाय आता." बसमध्ये मी वाक्यं जुळवून ठेवली होती. काकी, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला नाचायला जायचं होतं म्हणून बोलले. ती मेली नव्हती.

काकी गुडघ्यांनी अधू झाली होती, पण डोळे शाबूत होते. तिला मी एवढंच सांगितलं की जुनी गोष्ट सापडलीय, बघ. ती बाकड्याऐवजी खुर्चीवर बसली, मी मात्र तिच्या पायाशीच. तारा जोडल्या. चित्र सुरू झालं. स्वच्छ, खरखर नाही, डोंगर मधे नाही. मी पूर्वीसारखंच एकेक वाक्य मराठीत सांगायला लागले. माझा आवाज चिरका निघत होता. पोर ओढ्याशी आली, गावात शिरली, आई खाली बसली. मग नावं वर सरकायला लागली, फ्रेंचमध्ये आणि त्या दुसऱ्या लिपीत.

"पोचली," काकी म्हणाली.

"हां."

"चांगलं झालं. आई व्हती तिची." तिनं रिकाम्या पडद्याच्या उजव्या बाजूकडे बोट केलं. "पर ही एकटीच आली."

मी तोंड उघडलं. बसमध्ये जुळवलेलं पहिलं वाक्य ओठांवर होतं. काकीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याआधीच विचारलं, "पोरी, त्या दिवशी तू सांगितलंस ना, ती मेली म्हनून. ती कुठली गो? ही पुढची, का ती मागची?"

पुढची म्हणाले असते तरी ते खोटंच होतं, ती तर आत्ता तिच्या डोळ्यांसमोर घरी पोचली होती. कुणीच मेलं नाही, कुणीच दिसलं नाही, हे खरं. ते सांगितलं असतं तर या बाईला या वयात उरलेलं सगळं आयुष्य पुन्हा नदीकडे तोंड करून बसावं लागलं असतं. मी त्या खऱ्यासाठीच एवढ्या लांब आले होते. माझे केस तिनं मुठीत घट्ट धरून ठेवले होते. तेव्हा प्रथमच मला समजलं, की एवढी वर्षं मी एकटीच घाबरून चालत नव्हते.

"मागची," मी म्हटलं. "मागची बुडाली काकी. मी बगितली."

तिनं एवढा लांब श्वास सोडला की मला वाटलं तिला काही झालं. मग तिनं डोळे पुसले.

"मंग बरोबर केलं आपण," ती म्हणाली. "मला आजवर वाटायचं, जित्या पोरीला जाळलं."